दुर्नाम : एका लपविलेल्या व्याधीचा इतिहास



आज ज्या व्याधीविषयीं मी बोलणार आहें तिचें नांव चारचौघांत उच्चारण्याचा आपल्याकडे प्रघात नाहीं. ताप आला तर शेजारी विचारपूस करितो, डोळे आले तर कोणी तोडगा सांगतो. परंतु मूळव्याध झालेला मनुष्य बसतांना किंचित् तिरपा बसतो, आणि कोणीं कारण विचारलें तर कंबर भरली आहे म्हणून सांगतो. हा संकोच आजचा नव्हे. अमरकोशांत या व्याधीस 'अर्शस्' या नांवाच्या जोडीला 'दुर्नामक' असें दुसरें नांव दिलेलें आहे. दुर्नाम म्हणजे ज्याचें नांव वाईट, जें तोंडानें घेऊं नये तें. त्याच कोशकारानें सुरणाच्या कंदास 'अर्शोघ्न' म्हटलें आहे. म्हणजे व्याधीचें नांव घेण्याची लाज असली, तरी तिच्यावर कोणता कंद शिजवावयाचा हें मात्र सर्वांस ठाऊक होतें!

मराठींत आपण 'मूळव्याध' म्हणतों. मूळ म्हणजे येथें देहाचें मूळ, योगशास्त्रांतील मूलाधाराचें स्थान. तापीच्या खोऱ्याला लागून असलेल्या गुजराथेंत 'हरस' हा शब्द चालतो, तो सरळ 'अर्शस्' वरून आलेला आहे. गुदाशीं येणाऱ्या गांठीस आपण 'मोड' किंवा 'कोंब' म्हणतों. हा कोंब शब्द कृपा करून लक्षांत ठेवावा. धान्याला मोड फुटतो तसा शरीराला नको असलेला अंकुर फुटला, तो खुडला कीं काम झालें, अशी समजूत या एका शब्दांत दडलेली आहे, आणि तिनें पुष्कळांचें नुकसान केलें आहे.

आतां आपल्या खानदेशाकडे वळूं. इ. स. १९०६ सालीं ज्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि जें आज जळगांव, धुळें व नंदुरबार या तीन जिल्ह्यांत वांटलेलें आहे, तें हें जुनें खानदेश. चाळीसगांवाहून दक्षिणेकडे पाहिलें म्हणजे सातमाळ्याच्या डोंगरांची भिंत दिसते. त्या डोंगरांत, खानदेशच्या अगदीं शिवेवर, पितळखोऱ्याचीं बौद्ध लेणीं आहेत. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकांतील या लेण्यांत दात्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. त्यांत पैठणचा एक सुगंधी द्रव्यें विकणारा आहे, आणि मगिल नांवाचा एक 'राजवेज' आहे. राजवेज म्हणजे राजवैद्य. या मगिलाच्या मुलाबाळांनींहि तेथें दान दिलेलें आहे. सरासरी दोन हजार वर्षांपूर्वीं खानदेशच्या उंबरठ्यावर वैद्याचें एक प्रतिष्ठित घराणें नांदत होतें याचा हा दगडांत कोरलेला पुरावा होय.

ज्या भिक्षुसंघासाठीं हीं लेणीं खोदलीं गेलीं, त्या संघाच्या परंपरेंत गुदविकारांच्या दोन गोष्टी सांगितलेल्या आहेत. त्या पाली विनयपिटकांत आहेत. पहिली मगधाच्या बिंबिसार राजाची. त्याला भगंदर झाला होता आणि त्याचीं वस्त्रें रक्तानें माखत. तें पाहून राण्या त्याची थट्टा करूं लागल्या कीं, महाराज आतां ऋतुमती झाले, लवकरच प्रसूतहि होतील! राजा लाजेनें चूर झाला. शेवटीं तरुण वैद्य जीवक यानें नखाएवढें औषध लावून त्यास बरें केलें. दुसरी गोष्ट राजगृहाच्याच आकाशगोत्र नांवाच्या वैद्याची. त्यानें एका भिक्षूच्या भगंदरावर शस्त्र चालविलें, आणि बुद्ध तेथून जात असतां, पहा याचें गुद कसें घोरपडीच्या तोंडासारखें झालें आहे, असें तो हंसून म्हणाला. तेव्हां बुद्धानें त्या भागाच्या दोन अंगुळांच्या आंत शस्त्रकर्म करण्यास संघांत बंदी केली. या कथा भगंदराच्या आहेत, मूळव्याधीच्या नव्हेत. तरीहि त्यांत जी लाज आणि जी थट्टा दिसते ती दोन्ही व्याधींची सारखीच आहे. राजाला राण्या हंसल्या आणि भिक्षूला प्रत्यक्ष त्याचा वैद्य हंसला. रोगी वैद्याकडे कां जात नाहीं, याचें उत्तर या दुसऱ्या गोष्टींत पुरेपूर सांपडतें.

आयुर्वेदाच्या दोन मुख्य ग्रंथकारांत या व्याधीवरून जो मतभेद आहे तो मला फार उद्बोधक वाटतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील चौदावा अध्याय अर्शाचा आहे. तेथें चरकाचार्य म्हणतात कीं, कोणी शस्त्रानें कापावें असें सांगतात, कोणी क्षारानें जाळावें, तर कोणी अग्नीनें डागावें असें सांगतात. हीं कर्में जाणत्या आणि अनुभवी वैद्याच्या हातचीं असावींत. कारण हात चुकला तर पुरुषत्वाचा नाश, गुदाची सूज, वेगांचा अवरोध, पोटफुगी, दारुण वेदना, अतिरक्तस्राव, भरून आलेल्या जागीं पुन्हां मोड, आणि प्रसंगीं शीघ्र मृत्यु असे अनर्थ ओढवतात. म्हणून आपण औषधांचा सोपा मार्ग सांगतों, असें म्हणून ते ताकाकडे वळतात. ताकानें गेलेले अर्श पुन्हां उद्भवत नाहींत, इतकी त्यांची ताकावर श्रद्धा आहे.

सुश्रुताचार्य शल्यतंत्राचे. त्यांनीं अर्शाची गणना आठ महारोगांत केली, आणि उपायांचे चार प्रकार केले : औषध, क्षार, अग्नि आणि शस्त्र. कोणता उपाय कोठें, हें मोडाच्या रूपावरून ठरवावयाचें. नुकतें झालेलें व दोष थोडे असलेलें अर्श औषधानें. मऊ, पसरलेलें व खोल असेल तर क्षारानें. खरखरीत, जाड व कठीण असेल तर अग्नीनें. आणि ज्याचें मूळ बारीक व जें वर उचललेलें व ओलसर आहे तें शस्त्रानें. एकच औषध सर्वांना देणाऱ्या आजच्या जाहिरातदारांनीं हा विवेक पाहण्यासारखा आहे.

त्यांची कृति तर डोळ्यांपुढें चित्र उभें करिते. आकाश निरभ्र असावें. रोग्याला फळीवर किंवा शय्येवर उताणें निजवावें, त्याच्या शरीराचा वरचा भाग दुसऱ्या मनुष्याच्या मांडीवर टेकलेला असावा, कंबर थोडी उंच असावी, आणि गुदाचें तोंड सूर्याकडे असावें. मग तूप लावलेलें यंत्र हळूहळू आंत घालावें. हें यंत्र लोखंडाचें, हस्तिदंताचें, शिंगाचें किंवा लांकडाचें. आकार गाईच्या सडासारखा, लांबी चार अंगुळें. पुरुषांकरितां घेर पांच अंगुळें, स्त्रियांकरितां सहा. पाहण्याच्या यंत्रास दोन छिद्रें आणि कर्म करण्याच्या यंत्रास एक. छिद्रांत आलेला मोड पुसून त्यावर क्षार लावावा, यंत्राचें तोंड हातानें झांकावें आणि शंभर उच्चारांचा वेळ थांबावें. मोड पिकल्या जांभळासारखा झाला कीं थांबावयाचें, आणि आंबट कांजीनें अथवा दह्याच्या निवळीनें धुवावयाचें. क्षाराच्या दाहास आंबट द्रव्यानें शमविण्याची ही युक्ति रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यास लगेच पटेल. एका वेळीं एकच मोड. दुसऱ्यास हात लावावयाचा तो सात दिवसांनीं. शिवाय योग्य दग्ध कोणता, कमी दग्ध कोणता आणि अतिदग्ध कोणता, अतिदग्धानें काय काय होतें आणि त्यावर काय करावें, हेंहि सांगितलेलें आहे. स्वतःच्या हातून होऊं शकणाऱ्या अपायाचें वर्णन करणारा ग्रंथकार विश्वासास पात्र असतो.

तरी येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. सुश्रुतानें गुदांत प्रवाहणी, विसर्जनी आणि संवरणी अशा तीन वळ्या सांगितल्या आहेत, आणि आधुनिक शल्यशास्त्रहि मूळव्याधीचीं तीन प्रमुख स्थानें मानतें. यावरून दोहोंचें ऐक्य सांगण्याचा मोह कित्येकांस होतो. परंतु सुश्रुताच्या वळ्या एकीखालीं एक अशा आहेत, आणि आधुनिकांचीं स्थानें एकाच पातळीवर, दोन उजवीकडे व एक डावीकडे, अशीं सभोंवार आहेत. तीन हा आंकडा जुळला म्हणून शास्त्र जुळलें असें होत नाहीं. प्राचीनांचें जें खरें श्रेय आहे तें पुष्कळ आहे. त्यांत उसनी भर घालण्याचें कारण नाहीं.

कारणांची यादी मात्र आजहि पुष्कळशी उभी राहते. कठीण व विषम आसन, सतत उकिडवें बसणें, धक्के देणारीं वाहनें, वेग आला असतां दाबणें, वेग नसतां कुंथणें, आणि स्त्रियांच्या बाबतींत गर्भाचा भार व गर्भपात, हीं सर्व चरकांत आहेत. काळ्या जमिनीच्या गाडरस्त्यांवरून दमणींत बसून दहा-दहा कोस प्रवास करणारा खानदेशी शेतकरी त्या यादींतील कित्येक कारणें एकाच दिवसांत भोगीत असे.

पुढें काय झालें? ग्रंथ जिवंत राहिला आणि हात मेला. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि, ज्याचें नांव आपण हेमाडपंती देवळांवरून घेतों, त्यानें वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली. म्हणजे तेराव्या शतकांत, जेव्हां खानदेश यादवांच्या छत्राखालीं होता, तेव्हां या विषयाचें शब्दज्ञान कमी नव्हतें. परंतु यंत्र धरणारा, क्षार पारखणारा वैद्य हळूहळू विरळ होत गेला. शस्त्रकर्म हलकें मानलें गेलें. शवच्छेदन तर बंदच पडलें. मग क्षाराची विद्या कांहीं घराण्यांत गुप्त तोडगा म्हणून शिल्लक राहिली. अकराव्या शतकांतील चक्रपाणिदत्तानें थोराच्या चिकांत व हळदीच्या पुडींत भिजविलेल्या दोऱ्याचा प्रयोग अर्श व भगंदर यांसाठीं लिहून ठेवला आहे. थोर आणि हळद दोन्ही आपल्या बांधावरचीं. पण चीक किती, दोरा किती दिवस, आणि रोगी कोणता घेऊं नये, हें न जाणतां तो दोरा बांधणारे हात पुढें फार झाले. महाराष्ट्रांतील जुनीं बाडें चाळलीं, तर अभंग, पदें आणि हिशेब यांच्या मधल्या कोऱ्या जागेंत औषधांचीं टिपणें भेटतात. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळानें आणि समर्थ वाग्देवता मंदिरानें जुने कागद जपण्याचें जें कार्य केलें त्याचें मोल इतिहासकारांस ठाऊक आहे. वैद्यकाच्या इतिहासकारानेंहि अशा दप्तरांकडे वळावें असें मला वाटतें. या चक्रदत्ताच्या दोऱ्याची नीट शास्त्रीय पारख व्हावयास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांत प्रा. पी. जे. देशपांडे यांनीं क्षारसूत्राचा अभ्यास पुन्हां उभा केला, आणि १९९१ सालीं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें अनेक केंद्रांत केलेल्या चांचणीचा निष्कर्ष भगंदरापुरता त्याला अनुकूल असा प्रसिद्ध झाला.

इंग्रजी अमदानींत मुंबईस १८४५ सालीं ग्रँट मेडिकल कॉलेज निघालें. त्याच कॉलेजांत शिकलेले डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनीं १८८० सालीं अष्टांगहृदय टीकेसह छापून काढलें, आणि जुनी विद्या नव्या डॉक्टरांच्या हातीं छापील रूपानें आली. शंकर दाजीशास्त्री पदे यांनीं 'आर्यभिषक्' लिहून ती घरोघर पोंचविली, आणि १९०७ सालीं खानदेशाशेजारच्या नाशकास वैद्यांचें अखिल भारतीय संमेलन भरविलें. पण सरकारी दप्तराला चिंता होती ती पटकी, देवी आणि प्लेग यांची. जी व्याधि एका दिवशीं गांव ओसाड पाडीत नाहीं, ती दप्तराच्या नजरेंत भरत नाहीं.

पश्चिमेकडेहि या रोगाची स्थिति फार निराळी होती असें समजूं नये. लंडनमध्यें फ्रेडरिक सामन यानें १८३५ सालीं केवळ गुदविकारांसाठीं गरिबांचा एक छोटा दवाखाना काढला. तोच पुढें सेंट मार्क्स रुग्णालय म्हणून प्रसिद्धीस आला. डब्लिनच्या मॉर्गन यानें १८६९ सालीं मोडांत लोहाच्या क्षाराची सुई टोंचून पाहिली. दोन वर्षांनीं अमेरिकेंतील इलिनॉय प्रांतांत मिचेल नांवाच्या डॉक्टरानें ऑलिव्हच्या तेलांत कार्बॉलिक आम्ल मिसळून तीच युक्ति चालविली आणि मिश्रण गुप्त ठेविलें. तें गुपित विकत घेऊन गांवोगांव हिंडणाऱ्या भोंदूंचा सुळसुळाट झाला. शेवटीं शिकागोच्या अँड्र्यूज या शल्यवैद्यानें पाठपुरावा करून ३३०४ रोग्यांची हकीगत जमविली आणि १८७९ सालीं ती प्रसिद्ध केली. त्यांत १३ मृत्यु होते, आणि यकृतास इजा, गळूं व दारुण वेदना यांचीं उदाहरणें निराळीं. गुपित उघड झालें, मिश्रणाचें प्रमाण ठरलें, आणि तीच सुई पुढें रुग्णालयांत सुरक्षितपणें वापरली जाऊं लागली. औषध तेंच होतें. उघडें झाल्यावर तें सुधारलें. आपल्याकडे बसस्थानकांच्या भिंतींवर 'मूळव्याध, भगंदर, विना ऑपरेशन, खात्रीनें' असे जे फलक दिसतात, तेथें पिचकारींत काय आहे हें विचारण्याचा हक्क रोग्यास आहे. आणि उत्तर न मिळाल्यास उठून येण्याचाहि.

आतां एका थोर रोग्याची गोष्ट. १९१८ सालीं खेडा जिल्ह्यांत सैन्यभरतीचें काम करीत असतां महात्मा गांधींस आंवेचा तीव्र विकार झाला. प्रकृति सुधारावी म्हणून ते माथेरानास गेले. पण मलविसर्जनाच्या वेळीं त्यांस असह्य वेदना होऊं लागल्या, इतक्या कीं अन्नाची धास्ती वाटे. मुंबईस डॉ. दलाल यांनीं दुधावांचून शरीर सुधारणार नाहीं असें बजावलें. गांधीजींनीं तर गाईम्हशींच्या दुधाचा त्याग केलेला. तेव्हां शेळीच्या दुधाची वाट कस्तुरबांनीं सुचविली हें सर्वश्रुत आहे. त्यानंतर १९१९ च्या आरंभीं दलालांनीं शस्त्रक्रिया केली व ती यशस्वी झाली. गांधीजींनीं ही सारी हकीगत आत्मकथेंत, वर्तमानपत्रांतून क्रमशः, लाखों वाचकांपुढें मांडली. तींत एक बारकावा आहे. लोक तिला मूळव्याधीची शस्त्रक्रिया म्हणतात. गांधीजी स्वतः चिरा म्हणतात. गुदाच्या कडेस पडणारी चीर निराळी आणि मूळव्याध निराळी. चीर शौचाच्या वेळीं सुरीसारखी कापते. मूळव्याधीचें रक्त बहुधा वेदनेवांचून, लालभडक, थेंबथेंब किंवा धारेनें येतें. भगंदरांतून पू येतो. खानदेशांत काय किंवा इतरत्र काय, या तिघांसहि लोक सरसकट मूळव्याधच म्हणतात, आणि एकाचें औषध दुसऱ्यास देतात.

हेच गांधीजी १९३६ च्या डिसेंबरांत आपल्या यावल तालुक्यांत फैजपुरास आले. खेडेगांवांत भरलेलें काँग्रेसचें तें पहिलें अधिवेशन. देशभर त्यांनीं खेड्यांतल्या शौचकूपांचा आणि सफाईचा प्रश्न ज्या आग्रहानें मांडला, त्याचा आपल्या आजच्या विषयाशीं जवळचा संबंध आहे. घरीं शौचकूप नसलेली बाई दिवसभर वेग दाबून धरते, अंधार पडण्याची वाट पाहते, आणि त्या त्रासाच्या भीतीनें पाणीहि कमी पिते. वैशाखांत जळगांव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढें जातो. अशा उन्हांत कापसाच्या शेतांत राबून पाणी कमी प्यालें म्हणजे मळ खड्यासारखा होतो. त्यांत गरोदरपण आलें म्हणजे ओटीपोटांतील शिरांवर भार पडतो. चरकाच्या यादींतील वेगविनिग्रह आणि गर्भोत्पीडन या दोन शब्दांत तिची सारी कहाणी येऊन जाते. आणि ती सांगणार कोणास? नवऱ्यास सांगवत नाहीं, सासूस सांगितलें तर बाळंतपणांत असें व्हावयाचेंच म्हणून उत्तर मिळतें. २०१४ पासून सरकारी योजनेंतून घरोघर शौचकूप बांधले गेले. जेथें त्यांत पाणी आहे आणि कडी आहे तेथें ही एक पीडा निश्चित कमी होते.

आतां त्या 'कोंब' शब्दाकडे परत येऊं. शतकानुशतकें वैद्य आणि डॉक्टर दोघेहि मानीत आले कीं मूळव्याध म्हणजे फुगलेली शीर किंवा नवा अंकुर. इंग्लंडांतील थॉमसन या शल्यवैद्यानें १९७५ सालीं शरीररचनेचा बारकाईनें अभ्यास करून दाखविलें कीं, गुदाच्या आंत रक्तवाहिन्या व तंतु यांच्या मऊ उशा प्रत्येकाच्या शरीरांत जन्मापासूनच असतात. वायु व मळ यांचा निचरा आवरण्यास त्या उपयोगी पडतात. वर्षानुवर्षें कुंथण्यानें त्यांचे आधारतंतु झिजतात, आणि त्या खालीं सरकतात, तीच मूळव्याध. म्हणजे हा कोंब बाहेरून आलेला शत्रु नव्हे, घरचीच वस्तु जागेवरून ढळलेली आहे. म्हणूनच ती सगळी जाळून उपटून काढण्याचा हट्ट घातक ठरतो. मार्ग आकसतो, किंवा मळावरचा ताबा जातो.

या ज्ञानामुळें उपचारांचा क्रम पुष्कळ सौम्य झाला. पहिली पायरी अन्नाची. २००५ सालीं सात चांचण्यांतील ३७८ रुग्णांचा एकत्र विचार करून असें आढळलें कीं, आहारांत चोथ्याची भर घातल्यानें रक्तस्राव व इतर त्रास सुमारें निम्म्यानें कमी होतो. दुसरी पायरी रबरी कड्याची : आंतल्या मोडाच्या मुळाशीं एक लहान कडें बसवितात, रक्त बंद होऊन तो कांहीं दिवसांत गळतो. डेट्रॉइटच्या बॅरन यानें १९६३ सालीं ही रीति रूढ केली. तिला भूल लागत नाहीं. शस्त्रक्रिया उरते ती बाहेर येऊन राहणाऱ्या मोठ्या मोडांसाठीं. मिलिगन आणि मॉर्गन यांनीं १९३७ सालीं वर्णिलेली पद्धति आजहि चालते.

अन्नाच्या बाबतींत खानदेश मुळांत दरिद्री नव्हे. शंभर ग्रॅम ज्वारींत सुमारें १० ग्रॅम चोथा असतो, बाजरींत त्याहून थोडा अधिक, आणि मैद्यांत पावणेतीनच्या आसपास. दिवसास २५ ते ३० ग्रॅम लागतो. कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेली, बामणोदच्या वांग्याचें भरीत आणि वर वाटीभर ताक, या जेवणास कोणत्याहि दवाखान्यानें नांव ठेवूं नये. रावेर-यावलची केळीं तर दाराशींच आहेत. बिघाड झाला तो भाकरीच्या जागीं पाव, बिस्किट आणि नुसता पांढरा भात आल्यामुळें.

मिरचीचें काय, असें येथें कोणीतरी खास विचारणार. शेवभाजी आणि ठेच्याच्या मुलखांत हा प्रश्न जीवनमरणाचा आहे! इटलींत २००६ सालीं ५० रोग्यांवर पद्धतशीर प्रयोग झाला, आणि एका वेळच्या तिखटानें मूळव्याधीचा त्रास वाढतो असें दिसलें नाहीं. उलट, आपल्या नागपुरास २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या चांचण्यांत, शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांनीं तिखट खाल्लें असतां आग व वेदना वाढल्याचें आढळलें. म्हणजे मिरचीनें मूळव्याध उत्पन्न होते हा आरोप सिद्ध नाहीं. पण जखम ओली असतांना तिला दूर ठेवावें हें खरें. माझें स्वतःचें मत विचाराल, तर तर्रीवर तरंगणारें तेल आणि तिच्याबरोबरचा मैद्याचा पाव यांची चौकशी मिरचीच्या आधीं व्हावी.

एक गोष्ट उरली, आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. गुदावाटे रक्त जाणें हें मोठ्या आंतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाचेंहि चिन्ह असूं शकतें. वर्ष-दीड वर्ष मूळव्याध समजून चूर्णें, मलमें आणि गंडेदोरे चालले, आणि प्रथम बोटानें तपासलें तेव्हां आंत कठीण गांठ लागली, ही हकीगत शल्यवैद्यांस नवी नाहीं. रक्ताबरोबर वजन घटत असेल, शौचाची नेहमींची वेळ व रीति बदलली असेल, मळ काळा पडत असेल किंवा त्यांत शेंब असेल, पंडुरोगासारखा थकवा येत असेल, किंवा वय चाळिशीच्या पुढें असेल, तर एक दिवसहि घरच्या औषधावर काढूं नये. मूळव्याधीच्या रक्तानेंहि शरीर हळूहळू पांढरें पडतें. आधींच रक्त कमी असलेल्या बाईच्या बाबतींत तर फार लवकर.

धुळ्यास भाऊसाहेब हिरे यांच्या नांवाचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगांवासहि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; दोन्हींच्या रुग्णालयांत शल्यविभाग आहे. तेथें रोग्याला डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशीं घेऊन निजवितात, वरून चादर घालतात, आणि स्त्री रोग्याजवळ परिचारिका उभी असते. आधीं प्रश्न विचारतात : रक्त किती दिवस जातें, रंग कोणता, दुखतें कीं नाहीं, कांहीं बाहेर येतें काय, येत असल्यास आपोआप आंत जातें कीं बोटानें सारावें लागतें, घरांत कोणास आंतड्याचा कर्करोग झाला होता काय. मग हातमोजा घालून बोटानें तपासतात, आणि एक लहान नळी घालून पाहतात. नळी आतां पोलादाची किंवा प्लॅस्टिकची असते. लांबी चार अंगुळांच्या आसपासच आहे. सूर्याचें काम दिव्याकडे गेल्यामुळें निरभ्र दिवसाची वाट पहावी लागत नाहीं, आणि सारें मिळून दहा मिनिटांहून क्वचितच अधिक लागतात.